येते म्हण

सिस्टर पहिल्यांदा पाड्यावर आल्या तेव्हा त्यांना मराठीतलं एकच वाक्य येत होतं, आणि तेही चुकीचं. माझ्या खांद्यावर हात ठेवून जमलेल्या बायांना त्या म्हणाल्या, "ही माझा जीभ." बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. कोणाची तरी जीभ होणं हे मला फार मोठं वाटलं होतं.

त्या न्यूझीलंडहून आल्या होत्या. तिकडे एका इस्पितळात नर्स होत्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या गावच्या चर्चच्या मंडळीने त्यांना तीन वर्षांच्या सेवेसाठी परदेशी पाठवलं, आणि नाशिकच्या मिशनने त्यांना पेठच्या अलीकडच्या डोंगरातल्या पाड्यांचं काम दिलं. दुभाषी म्हणून मला त्यांच्याबरोबर जोडून दिलं. आमचं घर शरणपूर रोडच्या मागच्या ख्रिस्ती वस्तीत. वडील सातपूरला कारखान्यात फिटर. माझी बारावी झाली होती, इंग्रजी बरं होतं, आणि घरात माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं.

दर शुक्रवारी आम्ही सीबीएस स्टँडवरून पेठची एसटी धरायचो, फाट्यावर उतरायचो आणि औषधांची पेटी दोघींमध्ये धरून चढ चढायचो. सिस्टर वाटभर मेंढ्यांविषयी बोलायच्या. त्यांच्या भावाचं शेत होतं, त्यावर इतक्या मेंढ्या की कुत्र्यालाही मोजता येत नाहीत, असं त्या सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. गावातल्या सुईण म्हातारीच्या पडवीत आमचा दवाखाना भरायचा. खरूज, खोकला, पोरांचे कान, आणि गरोदर बायांची तपासणी. म्हातारीला वाटायचं, हे सगळं तीच चालवते आणि सिस्टर तिच्या हाताखाली आहेत. सिस्टरांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

पहिल्याच महिन्यात म्हातारीने मला विचारलं, "हिला घरवाला नाय का? टाकली का काय हिला?"

सिस्टरांनी नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणाली?"

तुमच्या घरच्यांची चौकशी करते, असं मी सांगितलं. सिस्टर खूश झाल्या. त्यांनी आई, भाऊ, शेत, कुत्रा असं सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन मी म्हातारीला म्हटलं, नवरा वारला. पंचेचाळीस वर्षांची धडधाकट बाई लग्न न करता आपल्या मर्जीने समुद्रापलीकडे येते, हे तिला समजावत बसायला मला वेळ नव्हता आणि खरं म्हणजे मलाही ते नीट समजलेलं नव्हतं. म्हातारी चुकचुकली. त्या दिवसापासून कोऱ्या चहाचा पहिला पेला सिस्टरांना मिळू लागला.

वर्षभराने सिस्टरांचं मराठी रांगायला लागलं. एकदा म्हातारीने त्यांनाच थेट विचारलं, "तुझा घरवाला कशानं गेला गं?" सिस्टरांनी मनात वाक्य जुळवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मला घरवाला नव्हता. हिने मारला."

पडवीत हसण्याचा असा गोंधळ उडाला की एक रडतं पोर गप्प झालं. म्हातारीने मला पाठीत धपाटा घातला, आणि त्यानंतर कित्येक दिवस मला "ये नवरामारी" अशी हाक होती. उतरताना सिस्टर हसतच म्हणाल्या, तू माणसांना जवळ आणतेस, ते मला आवडतं. पण खोट्यावर आणू नकोस, मला ते चालत नाही. मी हो म्हटलं.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात त्यांच्या भावाकडून कळलं की आई घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ती आता उठेल असं वाटत नाही, सारखी तुझं नाव काढते, ख्रिसमसला ये, पुढे ढकलू नकोस. सिस्टरांना ठरवता येईना. पाड्यावरच्या चार तरुण बायांचं बाळंतपणाचं शिक्षण अर्ध्यावर होतं. मंडळीने तीन वर्षांसाठी पाठवलेलं, त्यातलं दुसरंही पुरं झालेलं नाही. त्या प्रार्थना करत होत्या, जेवत नव्हत्या. एसटीत मला म्हणाल्या, "देव माझ्याशी सरळ बोलत नाही. निदान या बायका तरी बोलतील. त्यांना विचारते. त्या जे म्हणतील ते करीन."

त्याच आठवड्यात नांदगावच्या स्थळाकडून होकार आला होता. मुलगा रेल्वेत होता, माणसं चांगली होती, मला नाही म्हणायला जागा नव्हती. वडिलांनी एवढंच कबूल केलं होतं की सिस्टरांचं काम आहे तोवर तारीख काढणार नाही. म्हणजे सिस्टर गेल्या की मी नांदगावला. हे एक. आणि दुसरं, जे मी कोणालाच सांगितलं नाही: मला त्या हव्या होत्या. फाट्यावर एसटीची वाट बघताना पेरू अर्धा करून मोठा तुकडा माझ्या हातात देणारं माणूस मला त्याआधी भेटलं नव्हतं.

पाड्यावर सिस्टर म्हणाल्या, हे मोठं बोलणं आहे, माझ्या मोडक्या मराठीत नको, तू बोल. मी बोलले. नीट, काहीही न गाळता विचारलं. आई पडली आहे, बोलावते आहे, ही जाऊ का राहू, तुम्ही सांगा.

म्हातारीला प्रश्नच कळला नाही असं तिच्या तोंडावरून दिसलं. "आई पडलीय आन् ही इथं आमचे खोकले ऐकीत बसलीय?" ती म्हणाली. मग आवाज मऊ करून, "तिला सांग, येते म्हन."

बाकीच्या बायांनी माना हलवल्या. एकजण घरात जाऊन नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ फडक्यात बांधून घेऊन आली. भरभर बोलत आईला पेज करून दे म्हणाली, मोडल्या हाडाला बरी.

"काय म्हणाली?" सिस्टरांनी विचारलं.

जाणाऱ्या माणसाने 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, हे आपल्याकडच्या पोराला बोलता येण्याआधी कळतं. पण सिस्टरांना ते माहीत नव्हतं. निघताना त्या आमच्या ख्रिस्ती रीतीने सलाम म्हणायच्या. त्यामुळे मला खोटं बोलावंच लागलं नाही. मी इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवला. त्या सांगतात, 'मी येते' असं म्हण.

सिस्टरांचे डोळे भरून आले. "म्हणजे मी येत राहावं? दर शुक्रवारी?"

"हो," मी म्हटलं. शब्दाला शब्दाची पळवाट तिथे संपली. तो 'हो' सगळा माझा.

"आणि हे पीठ?"

"तुमच्यासाठी."

त्यांनी भावाला कळवलं की इथल्या बायकांनी मला थांबवून घेतलं आहे, उन्हाळ्यात येते. ते पीठ आम्ही दोघींनी खाल्लं. नाताळच्या थंडीत त्यांच्या खोलीतल्या स्टोव्हवर मी पेज करायचे, सिस्टर त्यात गूळ घालून घ्यायच्या आणि वाटी पुसून खायच्या. मीही खाल्ली. चव चांगली होती, हे मला आजही नाकारता येत नाही. पाड्यावर बायांनी विचारलं, ही गेली कशी नाही? मी सांगितलं, भाऊ म्हणतो सध्या नको, आई सुधारतेय. आणि पीठ? पोस्टाने धाडलं.

नांदगावच्या लोकांनी थोडे दिवस वाट बघितली आणि दुसरीकडे जमवलं. मी सुटले. त्यानंतर आठवडाभरात तार आली. सिस्टरांची आई गेली होती.

सिस्टर रविवारभर देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, मागच्या बाकावर बसून होत्या, आणि शुक्रवारी पेटी उचलून निघाल्या. मी म्हटलं, आज नको. त्या म्हणाल्या, मी त्यांच्यासाठीच राहिले ना, मग आज घरी बसून कसं चालेल.

बायांना मी खाली मान घालून सांगितलं. म्हातारी उठली, सिस्टरांच्या शेजारी अगदी चिकटून बसली आणि त्यांचा हात स्वतःच्या मांडीवर घेतला. मग तिने माझ्याकडे न बघता, त्यांनाच, लहान मुलाला विचारावं तसं एकेक शब्द सुटा करून विचारलं, "पीठ पोचलं व्हतं ना? आई पेज प्याली का?"

एवढं मराठी सिस्टरांना येत होतं. पीठ, आई, पेज. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'काय म्हणाली' असं विचारलं नाही. मी भिंतीकडे बघत होते, तिथे शेणाच्या सारवणावर बोटांचे ठसे उमटलेले होते.

"हो," त्या म्हातारीला म्हणाल्या. "प्याली. तिला आवडली."

म्हातारीने समाधानाने मान हलवली.

उतरताना मेंढ्यांचा विषय निघाला नाही. फाट्यावर एसटीला उशीर होता. सिस्टरांनी रस्त्याकडे बघत विचारलं, "घरून निघताना तुम्ही लोक काय म्हणता?"

"येते," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या. एसटी आली तेव्हा त्यांनी मला आधी चढवलं आणि खिडकीची जागा दिली.

तीन वर्षांनंतर त्या परत गेल्या नाहीत. आता घाई करण्यासारखं तिकडे काही नाही, असं मिशनच्या साहेबांना म्हणाल्या. आणखी सहा वर्षं राहिल्या. मी त्यातली बहुतेक वर्षं त्यांच्याबरोबर होते. माझं लग्न नाशिकमध्येच, मला पसंत असलेल्या माणसाशी झालं, तेव्हा वडिलांची समजूत सिस्टरांनीच घातली. माझ्या मुलीसाठी त्यांनी स्वेटर विणला, तिकडच्या लोकरीचा. माझ्यावरची त्यांची माया तसूभर कमी झाल्याचं मला कधी जाणवलं नाही, आणि त्या दिवसाविषयी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मीही नाही. बोलायला शेकडो शुक्रवार होते.

बदललं ते एवढंच. त्या दिवसानंतर त्यांनी मला 'काय म्हणाली?' असं कधी विचारलं नाही. समोरच्याला थांबवायच्या, पुन्हा बोलायला लावायच्या, हाताने खुणा करायला लावायच्या, पण कळेपर्यंत स्वतः झगडायच्या. मी शेजारी बसून पट्ट्या गुंडाळायचे. दोनेक वर्षांत त्या म्हातारीसारखं 'लय' आणि 'नाय' बोलू लागल्या, आणि तिच्यासारख्याच शिव्याही, अर्थ न कळता.

मागच्या वर्षी त्या तिकडे वारल्या. आमच्या देवळात स्मरणसभा झाली. जो उठला तो त्यांच्या मराठीविषयी बोलला. परदेशी बाई, पण डोळे मिटून ऐकलं तर पेठकडची वाटावी, असं एकजण म्हणाला. मग चर्चच्या पाळकांनी माझ्याकडे हात केला. ही भाषा त्यांना शिकवणाऱ्या बाई आपल्यातच बसल्या आहेत, त्यांनी उभं राहावं.

मी त्यांना शिकवलं नव्हतं. पुन्हा मला विचारावं लागू नये म्हणून त्या शिकल्या होत्या. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि टाळ्या संपेपर्यंत मी उभीच होते.