वरच्या मजल्यावरचा वर्ग

कोर्टाचा निकाल लागला तेव्हा मी गोखिवऱ्याच्या कारखान्यात पॅकिंगला होते. नवऱ्याचा फोन आला. जवळ सरकारी शाळा असेल तर खासगी शाळेने गरीब मुलांना राखीव जागा द्यायची गरज नाही, असा नियम सरकारने काढला होता. हायकोर्टाने तो रद्द केला. मनवेलपाड्यात आमच्या चाळीसमोरच सरकारी शाळा, त्यामुळे लेकीच्या प्रवेशाची आशा आम्ही सोडली होती.

मग राखीव जागांच्या सोडतीत तिचा नंबर लागला. शाळा कधीच सुरू झाली होती, तरी चाळीत पेढे वाटले.

काही दिवसांनी लेक सहज बोलून गेली, की तिचा वर्ग दुपारचा, वरच्या मजल्यावर आहे; बाकीची मुलं सकाळी येतात. मला वाटलं, जागा नसेल. गेटवर इतर आयांशी बोलताना कळलं, वरच्या वर्गात सगळी राखीव जागांवरचीच मुलं होती.

अर्धी रजा टाकून मी मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. मुलं उशिरा आली, अभ्यासात मागे आहेत, म्हणून वेगळी तुकडी, असं म्हणाल्या. किती दिवस, असं मी विचारलं.

"कोर्टाने प्रवेश द्यायला सांगितला, तो आम्ही दिला. कुठे बसवायचं ते शाळा बघेल."

"मॅडम, वेगळंच बसवायचं होतं, तर माझ्या घरासमोर शाळा होतीच की."



आम्ही तिघी आया पालघरला शिक्षण विभागात हेलपाटे घालू लागलो. साहेब कधी मीटिंगला, कधी दौऱ्यावर. दर वेळी माझा खाडा पडायचा. नवरा म्हणाला, राहू दे, शिकतेय ना. खरं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र तो वर्ग मोडला. कुणाच्या सांगण्यावरून, ते कळलं नाही. मुलं सकाळच्या तुकड्यांमध्ये वाटली गेली.

पहिल्याच दिवशी लेक रडत घरी आली. तिची मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली होती, आणि नव्या वर्गात तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.

"तू कशाला भांडलीस?" तिने विचारलं.

तिला जवळ घेऊन तशीच भिंतीला टेकून बसले.

आता ती त्या वर्गात रुळलीय. शेजारी बसणारी मुलगी हिच्या डब्यातली घावनं खाते. मी कामावरून थेट पालकसभेला जाते, मागच्या खुर्चीत बसते, आणि बसल्या बसल्या माझा डोळा लागतो.