कोरड्या टेकडीचे चाळीस नमुने

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात तेहतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे चिमटेकाका म्हणत. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी बारीक टोकाचे दोन चिमटे असत, आणि ते जागेवर नसले की काकांना चष्मा हरवल्यासारखं व्हायचं. हुद्दा प्रयोगशाळेतल्या परिचराचा. बरण्या धुवायच्या, स्पिरिट भरायचं, लेबलं चिकटवायची. पण हात असा, की भल्याभल्या प्राध्यापकांनी तोंडात बोट घालावं. शेंगदाण्याएवढ्या गोगलगायीचं कवच फोडून तिची जननेंद्रियं, केसासारख्या नळ्यांसकट, ते पाण्याच्या बशीत अलगद पसरून देत. गोगलगायीत नर आणि मादी एकाच अंगात नांदतात, त्यामुळे नळ्यांचा गुंताही दुप्पट. काकांच्या हातून त्यातली एकही कधी तुटली नाही.

नेमकं काय काम करता, असं घरी कुणी विचारलं तर मात्र ते "मोजमाप" एवढंच सांगून पाण्याचा तांब्या उचलत. बायको म्हणायची, "सुईत दोरा ओवायला दिला तर यांना दिसत नाही, आणि तिकडे जाऊन..." पुढचं ती पाहुण्यांसमोर बोलत नसे.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना विभागातल्या एका बाईंचं काम काकांकडे आलं. बाई संशोधन करत होत्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, तरी ते त्यांना बाईच म्हणत. ओलसर दरीत राहणाऱ्या आणि कोरड्या टेकडीवर राहणाऱ्या गोगलगायींच्या जननेंद्रियांत जागेमुळे फरक पडतो का, हा त्यांचा प्रश्न. कवच फसवं असतं, जात ओळखायची तर आतल्या नळ्याच बघाव्या लागतात. म्हणून दरीतल्या चाळीस आणि टेकडीवरच्या चाळीस बाईंनी आणायच्या, काकांनी मारून उघडायच्या, आणि लांबी दोघांनी मिळून मोजायची, असं ठरलं.

मारायची रीत काकांनीच तीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना शिकवली होती. पाणी उकळून गार करायचं, बरणी काठोकाठ भरायची, झाकणाखाली हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही. त्यात गोगलगाय दिवसभरात हळूहळू गुदमरते, पण अंग पूर्ण बाहेर ताणून मरते, आणि आतले अवयव आपल्या खऱ्या लांबीत राहतात. तीच थेट स्पिरिटमध्ये टाकली तर मूठ आवळल्यासारखी आक्रसते.

दरीतल्या चाळीस या रीतीने गेल्या. टेकडीवरच्या एक्केचाळीस आल्या, त्या मात्र झोपलेल्या. पाणी नसलं की ती जात दगडाखाली शिरते, कवचाच्या तोंडावर कागदासारखा पडदा ओढते आणि महिनोन् महिने पडून राहते. त्यांना आधी ओल्या फडक्यावर ठेवून जागं करायला हवं होतं. काकांनी पहिली ठेवली. अर्ध्या तासात पडदा फाटला, दोन शिंगं बाहेर आली, आणि ती फडक्यावर लगबगीने हिंडू लागली. म्हणजे गोगलगायीला जमेल तितक्या लगबगीने. पाणी आलं, आपले दिवस फिरले, असं त्या बिचारीला वाटलं असणार. काकांनी बरणीचं झाकण काढलं, परत लावलं. आशेला लावून जीव घ्यायचा, हे काही त्यांना जमेना.

त्यांनी ती एक खिडकीतल्या कुंडीत सोडली आणि उरलेल्या चाळीस झोपेतच थेट स्पिरिटमध्ये घातल्या. कळणारही नाही त्यांना, असं स्वतःला समजावलं. नोंदवहीत 'मारण्याची पद्धत' या रकान्यात लिहिलं : नेहमीप्रमाणे.

मोजणी झाली. टेकडीवरच्यांच्या नळ्या दरीतल्यांपेक्षा जवळजवळ निम्म्या भरल्या. बाईंनी तीनदा पडताळून पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवून काकांकडे वळल्या. इतका फरक नुसत्या जागेने पडत नाही, ही वेगळीच जात असणार, अजून कुणी न नोंदवलेली, असं त्या म्हणाल्या. नव्या जातीला कुणाचं तरी नाव देतात, ते काकांचं द्यायचं, हेही त्यांनी सांगून टाकलं. काका खाली बघून चिमटे पुसू लागले. लाजले असतील, असं बाईंना वाटलं.

घरी त्यांनी आधी नावाचंच सांगितलं. बायकोने हातातली कणीक तशीच ठेवून भावाला फोन लावला. जेवण आटोपल्यावर त्यांनी उरलेलं सांगितलं.

बायकोने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे त्या आखडल्या होत्या म्हणून लहान भरल्या?"

"थोड्या खरंच लहान असतील. पण किती, ते आता मलाही सांगता यायचं नाही."

"गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ते तुम्हाला बघूनच म्हणत असतील," ती म्हणाली. मग बराच वेळ ती ओटा पुसत राहिली. "त्या पोरीची चार वर्षं आहेत त्यात. उद्या गेल्या गेल्या सांगा. भावाला मी कळवते, नाव रद्द झालं म्हणून."

सकाळी बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून आकृती काढत होत्या. काका दारातच उभे राहिले.

"बाई, टेकडीवरच्या चाळीस मी जाग्या केल्या नव्हत्या."

पेन्सिल थांबली.

"का, काका?"

"जाग्या झाल्या की त्यांना वाटतं, पाणी आलं."

बाई रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. त्या वही मिटून बाहेर गेल्या. तासाभराने आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि पापण्या सुजलेल्या. त्यांनी एवढंच विचारलं, की रविवारी टेकडी चढायला गुडघे साथ देतील का.

गुडघ्यांनी कुरकुर केली, पण साथ दिली. दोघांनी दगड उलथून पुन्हा चाळीस जमवल्या. सोमवारी काकांनी ओलं फडकं पसरलं. बाई म्हणाल्या, मी करते, तुम्ही बाहेर बसा. काकांनी मान हलवली. "माझंच राहिलेलं काम आहे ते."

एकेक करत चाळीस जोड्या शिंगं वर आली. त्या दिवशी काकांनी बरणीला हात लावला नाही. काकडीच्या चकत्या करून फडक्यावर मांडल्या आणि त्यांना खाताना बघत बसले. बाईंनी घाई केली नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी बरण्या काठोकाठ भरल्या, एकेकीला आत सोडलं आणि संध्याकाळपर्यंत स्टूल सोडलं नाही. या वेळी नोंदवहीत सगळं लिहिलं, अगदी काकडीसुद्धा.

मोजणीत टेकडीवरच्यांच्या नळ्या आखूडच निघाल्या, पण निम्म्या नव्हे, पाचव्या हिश्शाने. अंड्याचं पांढरं बनवणारी ग्रंथी दरीतल्यांची टपोरी, टेकडीवरच्यांची वाळल्या दोऱ्यासारखी. जात मात्र तीच. कोरड्या जागेने तिला थोडक्यात भागवायला लावलं होतं, इतकंच. नवी जात गेली. "पण उत्तर मिळालं," बाई म्हणाल्या, आणि दोन दिवसांनी ते त्यांना स्वतःलाही पटलं.

लेख छापून आला तेव्हा काका निवृत्त झाले होते. बाई स्वतः घरी अंक घेऊन आल्या. खिडकीत टेकडीवरची ती एक्केचाळिसावी होती, काकांनी कुंडीसकट घरी आणलेली. कुंडीच्या मातीत साबुदाण्यासारखी अंडी दिसत होती. बाईंनी ती बघितली आणि मोजण्याचं नाव काढलं नाही.

त्या गेल्यावर बायकोने चष्मा लावून अंक चाळला. "तुमचं नाव कुठंय यात?"

काकांनी पान उलटून बारीक टाइपातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. कोरड्या टेकडीचे पहिले चाळीस नमुने मोजणीतून वगळले आहेत, असं तिथे लिहिलं होतं.

बायकोने ती ओळ दोनदा वाचली. मग अंक मिटून कपाटात, मुलीच्या लग्नाच्या फोटोंशेजारी नीट उभा करून ठेवला.