एका फिल्मवर दोन पंजे

"फिल्म जाळलीस! परत काढ," डॉक्टर गरजले.

तिसऱ्यांदा गरजले. नव्वदच्या दशकात बारामतीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी एक्स-रे टेक्निशियन होतो. आमचे सर गरजले की बाहेरच्या बाकावरचे प्लास्टरवालेसुद्धा उठून उभे राहत.

टेबलावर भिगवणची सुनंदा होती. वय अठ्ठावीस. कळशी उचलताना पाठीत कट् झालं, तेव्हापासून तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. कुशीवर वळवताना ती पदर दातांत धरायची. चौथ्यांदा तिला निजवायला माझं मन होईना.

थोडं समजावतो. एक्स-रे हाडात अडतो, म्हणून फिल्मवर हाड पांढरं दिसतं. एक्स्पोजर, म्हणजे किरणांचा मारा, जास्त झाला की सगळं काळं. सुनंदाचे मणके धुरासारखे दिसत होते. मी मारा दोनदा कमी केला. तरी धूरच.

"सर, मशीन बरोबर आहे."

"मग काय हाडं पळून गेली?"

मला तसंच वाटत होतं, पण पगारी माणसाने ते बोलू नये. मी फिल्म भरलेल्या एका कॅसेटवर सुनंदाचा पंजा ठेवला, शेजारी माझा. बटण सिस्टरने दाबलं. नियमात बसत नव्हतं; पण सरांपुढे पुरावा मांडायचा तर थोडं नाटक लागायचंच.

ओली, ठिबकणारी फिल्म मी सरांपुढे धरली. माझी बोटं खडूसारखी पांढरी. तिची म्हणजे पेन्सिलीने काढलेली नुसती कडा.

सरांनी मणक्यांची फिल्म पुन्हा उजेडावर लावली. तीन मणके चेपले होते.

"हिला औषध काय चालू आहे?"

सासू अनुसयाबाईंनी पिशवीतून पाकीट काढलं. "आतड्याला सूज हाय, सायेब. लई रगत पडायचं. ह्या गोळीनं थांबलं. चार वर्सं झाली. रिकामं पाकीट दावलं की दुकानदार नवं देतो. गालबी कसं भरल्यात बघा!"

स्टेरॉइड. गाल फुगवतं, हाड पोखरतं. त्यात आतड्याला सूज असली की खाल्लेलं कॅल्शियमही नीट अंगी लागत नाही.

"दूध पिते?"

"न्हाय बा! डॉक्टरनी पथ्य सांगितलं हुतं. दूध बंद, मासळी बंद. एक थेंब दिला न्हाय. मी सोता राखण केली."

सरांनी त्या आधीच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी मागितली. गोळी आणि पथ्य, दोन्हींपुढे इंग्रजीत लिहिलं होतं: पंधरा दिवस. मग पुन्हा दाखवायला या.

सरांनी ते मराठीत वाचून दाखवलं. बाई चिठ्ठीकडे बघत राहिल्या.

"मंजी मीच मोडली व्हय पोरीला?"

"आत्या, तुमी गप बसा की," सुनंदा टेबलावरून म्हणाली.

बाईंनी पाकीट मुठीत चुरगाळलं. "आजपासनं गोळी बंद!"

सर चौथ्यांदा गरजले, आणि या वेळी बरोबर गरजले. इतकी वर्षं घेतलेली ही गोळी एकदम थांबवली तर जीव जाऊ शकतो.

पुण्याच्या पोटाच्या डॉक्टरांनी गोळीची मात्रा हळूहळू उतरवली. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, कमरेला पट्टा, सोसेल तेवढं दूध. काही महिन्यांनी दुखणं कमी झालं. चेपलेले मणके मात्र उभे राहिले नाहीत. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीपर्यंत सुनंदाचा हात पुन्हा कधी पोचला नाही.

पेशंट सांगितलेलं पाळत नाहीत, ही डॉक्टरांची नेहमीची तक्रार. अनुसयाबाईंनी सगळं पाळलं होतं. थांबायचं कधी, एवढंच त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं.