पलीकडच्या टोकाला उभा असलेला दादा

बिस्किटांच्या कारखान्यातल्या मुलींचा एक फुटबॉल संघ होता. त्यांचा कोच दिवसभर पॅकिंगची यंत्रं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी मुलींचे पाय. निदान तो तरी असंच म्हणायचा. कारखान्यातल्या लोकांचं मत असं, की यंत्रं त्याचं ऐकतात आणि मुली ऐकल्यासारखं करतात.

त्याला वेड एकाच गोष्टीचं, लांबच्या पासचं. छोटे छोटे पास देत बसणाऱ्या संघांचा खेळ म्हणजे त्याच्या लेखी शेजारणींच्या गप्पा. बॉल या टोकाला घ्यावा, मान वर करावी आणि पार त्या टोकाला पळणाऱ्या आपल्या मुलीच्या पुढ्यात नेऊन ठेवावा, यापरतं सुख नाही! "टेकूचा पाय बॉलच्या शेजारी. बुटाची नाडी बॉलच्या पोटाखाली. आणि मारून झाल्यावर पाय आखडू नका, जाऊ दे त्याला पुढे!" हे त्याने इतक्या वेळा घोकलं होतं, की मैदानावर कधी पाऊल न टाकलेल्या त्याच्या बायकोलाही ते तोंडपाठ होतं.

सरावात हे लांबचे पास घ्यायला पलीकडच्या टोकाला त्याचा थोरला भाऊ उभा राहायचा. एके काळी दादा कारखान्याच्या पुरुष संघातून मैदानाच्या कडेने असा सुटायचा की बघत राहावं. पुढे गुडघा गेला आणि पळणं संपलं. मग वहिनी गेली आणि बोलणंही जवळजवळ संपलं. घरात तो खिडकीशी बसून असे, चहा पुढ्यात निवून जाई. मैदानावर मात्र तो लंगडत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला की वेगळाच माणूस. बॉल उंच येवो, तिरका येवो, गरगरत येवो, दादा तो छातीवर नाहीतर मांडीवर घेऊन पायाशी असा गप्प बसवायचा, की बॉलला स्वतःचं मत म्हणून काही उरायचंच नाही. मुली टाळ्या वाजवायच्या आणि दादा हसायचा. त्या हसण्यासाठी कोचने भर उन्हातसुद्धा सराव ठेवला असता.

पास द्यायची ती लंबी. पॅकिंगमधली सर्वांत उंच पोरगी, लाथही तशीच सणसणीत. सरावात तिचा एकही पास वाया जात नसे. सामन्यात मात्र पलीकडे दादाच्या जागी संघातली लहानखुरी चिमणी पळायची, आणि लंबीचा प्रत्येक पास चिमणीच्या अंगाला लागून बाहेर जायचा. संघ हरत होता. सगळ्यांनी खापर चिमणीवर फोडलं, आणि त्यात कोच सर्वांच्या पुढे.

"बॉल दारात येतो आणि तू त्याला ओळखही दाखवत नाहीस," तो सगळ्यांसमोर तिला म्हणाला.

"सर, तो दारात नाही येत. अंगावर येतो."

मुली खो खो हसल्या. चिमणी हसली नाही. पुढच्या सामन्याला तिला बाहेर बसवायचं, हे कोचने तिथेच जाहीर केलं. तिने गुपचूप बूट सोडले आणि पिशवीत भरले.

दुसऱ्या दिवशी दादाची दाढ काढायची होती, म्हणून कोच स्वतःच पलीकडे जाऊन उभा राहिला. लंबीचा पहिला पास त्याच्या नडगीवर बसला. दुसरा गुडघ्यावरून उडाला. तिसरा फिरकी घेत आला आणि पायाखालून निघून गेला.

"सर, तुम्हीपण चिमणीच झालात की!" लंबी तिकडून ओरडली.

कोचला हसू आलं नाही. पास वाईट होते. आधीपासूनच वाईट होते. दादा ते पायाशी आल्यावर दुरुस्त करत होता, म्हणून लंबीला कळलं नाही, आणि यंत्राचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणाऱ्या या शहाण्यालाही कळलं नाही.

आता दादाला तिथून हलवायला हवं होतं. पण सांगायचं कसं? त्या जागेशिवाय त्याला होतं तरी काय? कोच मूग गिळून बसला. शेवटी बायकोनेच त्याला धारेवर धरलं. "त्या पोरीला चारचौघांत बोलताना जीभ बरी चालली. भाऊजींशी बोलायची वेळ आली की लगेच जड झाली!"

सकाळी दादा दारात बसून बुटांना तेल लावत होता. कोच त्याच्या शेजारी बसला.

"दादा, आता थोडे दिवस तिथे चिमणीला उभं करावं म्हणतो."

दादाचा हात थांबला. "माझं काही चुकलं का रे?"

"चुकलं कुठे? तू फारच चांगला घेतोस. लंबीचा पास कसाही आला तरी तू तो चांगला करून टाकतोस. तिला कळणार कसं?"

"मला माहीत आहे," दादा म्हणाला.

"माहीत होतं? मग बोलला का नाहीस?"

दादाने बूट खाली ठेवला. "एखादा जरी सुटला असता ना माझ्याकडून, तर तुम्ही म्हणाला असतात, दादाचं संपलं आता. घरी बसवलं असतं मला."

छे, मी असं कधी म्हटलं असतं का, हे वाक्य अगदी ओठावर आलं होतं. पण आपण तसं म्हटलं असतं, हे त्याला माहीत होतं. त्याने दादाचा दुसरा बूट उचलला आणि त्याला तेल लावू लागला.

संध्याकाळी दादा आला तो थेट आपल्या जागेवर. चिमणीला त्याने हाक मारून शेजारी उभं केलं. लंबीचा पास आला. दादाने ना अंग वळवलं, ना पाय लांबवला. बॉल नडगीवर आपटून कुंपणाकडे गेला. मुलींतून कुणीतरी ओरडलं, "मोठे काका, म्हातारे झालात!" चिमणी बॉल आणायला धावणार, तोच दादाने तिला हाताने थांबवलं आणि स्वतः लंगडत जाऊन घेऊन आला. पुन्हा पास, पुन्हा कुंपण. दर फेरीला तो जास्तच म्हातारा दिसू लागला. कोचला बघवेना.

लंबीचं हसू विरलं. "सर, काकांना आज बरं नाही का?"

कोच काही बोलायच्या आत मैदानाच्या त्या टोकाहून आवाज आला. वहिनी गेल्यापासून एवढा मोठा आवाज दादाने काढला नव्हता.

"काका ठणठणीत आहेत! पास वाईट आहे तुझा! मला घेता येत नाही, तर ही पोरगी कुठून घेणार?"

लंबीने मान खाली घातली. कोचने शिट्टी खिशात टाकली आणि चिमणीची माफी मागायला तो सगळ्या मुलींच्या देखत मैदान ओलांडून चालू लागला.