पुलावरचे साहेब

"सबर, बाबा, सबर!" असं दर पाच मिनिटांनी कुणाला तरी बजावणाऱ्या त्या साहेबांना स्वतःला मात्र जरासुद्धा सबर नव्हता. बहरीनहून सौदीला जाणाऱ्या पुलावरच्या पोलिसात त्यांनी सगळी नोकरी काढली. त्यांना खुर्चीत बसलेलं तुमच्यापैकी कुणी पाहिलं असेल, तर मला जरूर सांगा. ट्रकच्या रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या चालूच. चहासुद्धा चालता चालता, आणि तोही अर्धाच.

मी कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात कारकून. सकाळी नईमच्या खोलीवरून निघायचं आणि कागदांचा गठ्ठा घेऊन पुलावर उभं राहायचं. साहेब बहरीनचेच, पण इथल्या जुन्या माणसांसारखं हिंदी सराईत बोलायचे. "कागज बाद में, पहले आदमी दिखाओ," म्हणत ड्रायव्हरला उतरवायचे आणि नुसतं बघत राहायचे. एकाला विचारलं, "घर में झगड़ा हुआ?" तो गडी रडायलाच लागला. साहेबांनी त्याला बाजूला नेऊन बायकोला फोन करायला लावला. मागे सगळी रांग हॉर्न वाजवतेय!

एका दुपारी आमचे श्रीवर्धनचे मकबूलभाई आमच्याच ऑफिसच्या मालाचा ट्रक घेऊन रांगेत होते. मला हळूच म्हणाले, "भाऊ, छातीत कसंतरी होतंय. हातपण जड झालाय."

माल आधीच रखडलेला, ऑफिसातून फोनवर फोन. मी म्हटलं, "ॲसिडिटी असेल. पलीकडे गेल्यावर बघू. साहेबांना बोलू नका, गाडी अडकेल."

मकबूलभाई बोलले नाहीत. पण साहेबांनी त्यांना उतरवलं, चेहरा पाहिला, मनगट धरलं आणि एकदम अरबीत ओरडायला लागले. त्यांना स्वतःच्या जीपमध्ये घातलं, मला मागच्या सीटवर ढकललं आणि सायरन लावून थेट हॉस्पिटल गाठलं. हार्ट अटॅक होता. थोडा उशीर झाला असता तर खलास, असं डॉक्टर म्हणाले.

वॉर्डाबाहेर येरझाऱ्या घालता घालता साहेब थांबले. "इसने तेरे को कुछ बोला था?"

"नहीं, साहब."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग "अच्छा" म्हणून पुन्हा चालायला लागले.

मकबूलभाई बरे होऊन गावी गेले. माझ्याबद्दल त्यांनी कुणाजवळ अवाक्षरही काढलं नाही. साहेब रिटायर झाले. मला मात्र कुठे चैन पडेना. शेवटी एका शुक्रवारी झल्लाकला त्यांच्या घरी गेलो. घरात त्यांचा पाय ठरत नव्हता, म्हणून ते मला समुद्रकाठी घेऊन निघाले. त्यांच्या मागून जवळजवळ धावतच मी सगळं सांगून टाकलं.

"मालूम था. उसी दिन."

"फिर बोले क्यों नहीं?"

"बोलता तो तू सिर्फ डरता." मग चालता चालताच म्हणाले, "इतना देर क्यों किया? मैं रोज सोचता था, आज आएगा."

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. कबरस्तानात गर्दी होती. मी कडेला उभा राहून मकबूलभाईंना फोन लावला आणि बातमी सांगितली.

"भाऊ, तुम्ही माती दिलीत?"

"दिली."

"मग परत जा. एक मूठ माझ्या नावाने द्या."

फोन खिशात टाकून मी गर्दीत शिरलो. लोकांनी वाट दिली.