घळीतलं हळदीकुंकू

यमुताईंनी सात-आठ वर्षं आम्हा बायकांना जंगलात नेलं आणि सुखरूप परत आणलं, त्याचं कोणाला काही नाही. माघातल्या त्या एका रविवारचं मात्र नागपूरच्या महाल भागात अजून बोलतात, आणि तेही चुकीचं बोलतात. म्हणून हे लिहायला बसले. मी त्या दिवशी तिथे होते. माझ्या कपाळावर त्याचा वण आहे.

यमुताईंचे वडील जंगल खात्यात होते, त्यामुळे त्यांचं लहानपण शिवनीकडच्या चौक्यांवर गेलं. लग्न होऊन नागपुरात महालात आल्या आणि मुलगा अनंत शाळेत जायच्या आधीच नवरा टायफॉइडने गेला. यमुताईंनी मुलींच्या शाळेत कारकुनी धरली आणि पोराला वाढवलं. विधवेने कुठे जावं हे महालात ठरलेलं होतं: नोकरीवर, देवळात आणि फार तर माहेरी. यमुताई रविवारी सकाळी पांढरे पीटी शूज घालून गणेशपेठेच्या एस.टी. स्टँडवर जायच्या, रामटेककडच्या राखीव जंगलात दिवसभर एकट्या चालायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन कुकर लावायच्या. लोकांनी नावं ठेवली. ठेवू द्या, म्हणायच्या, मला घरात श्वास पुरत नाही.

हळूहळू आम्ही दहाबाराजणी त्यांच्या मागे लागलो. आम्ही नाव ठेवलं भगिनी भ्रमण मंडळ. आमच्या नवऱ्यांनी ठेवलं पायपीट मंडळ, आणि तेच टिकलं. वाटेवर यमुताईंचा शब्द शेवटचा असायचा. झाडावर नाव कोरणारीला त्या सगळ्यांदेखत झापायच्या, मग ती कोणाची का बायको असेना.

आमची सगळ्यात आवडती वाट चिखलझरीच्या घळीची. पायथ्याच्या गावातून निघून सागाच्या जंगलातून तासभर चढायचं, की दोन उंच कड्यांच्या मधे सपाट खडक लागतो आणि त्यावरून बारमाही पाण्याची धार वाहते. उजव्या कड्याला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात, काळी घोंगडी वाळत घातल्यासारखी. तिथे यमुताई आम्हाला मोठ्याने बोलूही द्यायच्या नाहीत. धूर नाही, उदबत्ती नाही, केसात फूल नाही. पाणी प्या, बघा आणि चला, एवढंच.

मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी पायथ्याच्या गावात, मारुतीच्या पारावर व्हायचं. तेवढा वेळ यमुताई आमच्या पुढारी नसायच्या. त्या लांब बसून आमच्या पिशव्या राखायच्या. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगावं लागत नाही हीच तर त्यातली खुबी. मला त्याची चीड होती आणि आजही आहे.

ते वर्ष चौऱ्याहत्तरचं. अनंतचं नुकतंच लग्न झालं होतं. सून लतिका भंडाऱ्याची, लहानपणीच आई गेलेली. यमुताईंना ती पहिल्या दिवसापासून आई म्हणायला लागली आणि यमुताई त्या एका शब्दावर विरघळल्या. संक्रांतीला लतिकाचे वडील वाण घेऊन आले होते. पोरगी जंगलात जाणार म्हटल्यावर त्यांचा जीव खालीवर झाला. यमुताईंनी त्यांना शब्द दिला, की जशी नेते तशी परत आणते. त्या रविवारी एस.टी.त लतिका खिडकीशी बसली होती, नवा हिरवा चुडा आणि केसात भरगच्च गजरा.

हळदीकुंकवाची सगळी हौस प्रेमलताची. प्रेमलता म्हणजे लकडगंजातल्या एका लाकूड व्यापाऱ्याच्या घरची सून. मनाने मोकळी, हाताने सढळ आणि तोंडाने अखंड. तिने वाण म्हणून सगळ्यांना स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या, शिवाय चांदीची गुलाबदाणी आणि इतवारीतून मोगऱ्याचं अत्तर. या वर्षी तिला हळदीकुंकू पारावर नको होतं. पारावर शेळ्या येतात, गावातली पोरं बघत उभी राहतात. वर घळीत किती छान होईल, असं ती बसमधून उतरेपर्यंत सांगत होती. आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यांना ते पटलं होतं.

पाराशी आल्यावर यमुताई थांबल्या. म्हणाल्या, "प्रेमलता, हळदीकुंकू इथेच करून घ्या. वर अत्तर नको. पोळी भरून राहिली आहेत."

प्रेमलताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "यमुताई, चालायचं तुम्ही सांगा, आम्ही ऐकू. पण हे सवाष्णींचं आहे. यात तुम्ही नका पडू."

ती वाईट बोलली नाही, अगदी मायेने बोलली. यमुताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, काठी उचलली आणि त्या चढायला लागल्या.

त्या दिवशी वाटेवर वानरंसुद्धा दिसली नाहीत. घळीच्या तोंडाशी पोळ्याचा एक तुटका तुकडा पडला होता, ओला, मध चिकटलेला. आदल्या दिवशी कोणीतरी ते पोळं खरवडून नेलं होतं. यमुताईंनी काठीने तो तुकडा उलटा केला आणि वर कड्याकडे पाहिलं. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. बाकीच्या बोलत बोलत आम्हाला ओलांडून पुढे गेल्या. लतिकाच्या डोक्याभोवती एक माशी घिरट्या घालत होती. जायची आणि परत यायची.

यमुताई हळूच म्हणाल्या, "लतिका, गजरा काढून टाक."

लतिकाने लगेच हात वर नेला. प्रेमलताने तो धरला. पहिली संक्रांत आहे पोरीची, गजरा काढू नये, आणि तोही अशा बाईच्या सांगण्यावरून... पुढचं तिने गिळलं. पण गिळलेलंही सगळ्यांना ऐकू आलं. यमुताईंनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. सतरंजी आणि पिशव्या घेऊन त्या खालच्या बाजूला एका ऐनाच्या झाडाखाली जाऊन बसल्या. त्यांची नजर मात्र कड्यावरून हलत नव्हती.

हळदीकुंकू सुरू झालं. प्रेमलताने एकेकीच्या मनगटावर अत्तराचा बोळा फिरवला. लतिकाला दोन्ही हातांना लावलं आणि हसत हसत गळ्यालाही. मग गुलाबदाणीतून पाणी उडालं. मी सहज वर पाहिलं तर पोळ्यावरून वरपासून खालपर्यंत एक लाट गेली. मग दुसरी गेली. मला वाटलं, किती सुंदर दिसतं. तेवढ्यात ते काळं सगळं सुटलं आणि आतलं पिवळं मेण उघडं पडलं.

यमुताई ओरडल्या, की पळू नका, खाली बसा, पदर तोंडावर घ्या. एरवी त्यांचं सगळं ऐकणाऱ्या आम्ही बायका पळालो. त्या मात्र आमच्या उलट्या दिशेने आत आल्या. त्यांनी लतिकाला खडकावर पाडलं, तिच्यावर सतरंजी टाकली आणि माझी वेणी हाताला लागली म्हणून मलाही आत ओढलं. सतरंजीखाली अंधार होता, मोगऱ्याचा दाट वास होता आणि वरून गारा पडाव्यात तशा माश्या आपटत होत्या. माझ्या कपाळाची आग आग होत होती.

बाहेर प्रेमलता ओरडायला लागली. ती पाण्याच्या बाजूला पळाली होती आणि शेवाळावर घसरून पडली होती. अत्तराचा बोळा धरलेले हात तिचेच. लतिकाने यमुताईंचा हात घट्ट धरून ठेवला. यमुताईंनी तो सोडवून घेतला, मला म्हणाल्या, हिला धरून ठेव, कड उचलू नको, आणि बाहेर गेल्या. अंगावर घ्यायला लुगड्याच्या पदराखेरीज त्यांच्याकडे काही नव्हतं. पुढचं आम्हाला नंतर कळलं: त्यांनी प्रेमलताला ओढत ऐनाखालच्या पाचोळ्यात आणलं, पिशवीतल्या काडेपेटीने तो पेटवून धूर केला आणि तिच्यावर पदर धरून बसून राहिल्या.

आम्ही बाहेर आलो तेव्हा प्रेमलताचे हात कोपरापर्यंत माश्यांच्या काट्यांनी भरले होते. पळत खाली गेलेल्या बायकांनी सांगितलं तसा गावातला धोंडबा गाडी जुंपून वाटेच्या तोंडाशी आला. रस्ताभर यमुताई नखाने काटे काढत होत्या. प्रेमलता मधेच शुद्धीवर आली, यमुताईंकडे पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बाकी सगळ्या वाचल्या. लतिकाचा चेहरा सुजला होता, पण यमुताईंचा शब्द राहिला.

लकडगंजातल्या घरी आम्ही गेलो तेव्हाच कुजबुज सुरू झालेली होती. हळदीकुंकवाला विधवा पुढे घालून नेली, दुसरं काय होणार? बघा, हिला माश्यासुद्धा कमी चावल्या. खरंच कमी चावल्या होत्या. ना अत्तर, ना गजरा, ना सुगंधी तेल. विधवेला आपणच जे जे नाकारलं, त्यानेच ती वाचली, एवढं साधं एकीच्याही डोक्यात येत नव्हतं. मी बोलणार होते, पण यमुताईंनी माझा हात दाबला.

प्रेमलता सवाष्ण गेली म्हणून तिला हिरवं नेसवलं, मळवट भरला. बायका रांगेने कुंकू लावत होत्या. कोणीतरी कपाटातून अत्तराची बाटली आणली आणि बूच काढलं. तो वास येताच लतिका तोंडाला पदर लावून बाजूला झाली.

प्रेमलताची सासू पार्वतीबाई दाराच्या आड उभी होती. तीही विधवा. आपल्याच घरात, आपल्याच सुनेला कुंकू लावायला तिला पुढे येता येत नव्हतं. यमुताई आधीपासून तिथेच जाऊन उभ्या होत्या, कारण त्यांचीही जागा तीच. पार्वतीबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

"तुले जंगलाचं सारं समजते म्हणतात. मंग तिले काहून नाही सांगितलं वं?"

"एकदा सांगितलं," यमुताई म्हणाल्या. "हे सवाष्णींचं आहे म्हणाली. गजऱ्याच्या वेळी पुन्हा तोंडात आलं होतं. नाही बोलले."

मला वाटलं, आता म्हातारी ओरडेल, छाती पिटेल. ती सुनेच्या कपाळावर पडणाऱ्या कुंकवाकडे बघत होती.

"बोलायले पाहिजे होतं," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "पण मीबी बोलली नसती."

तिने सरकून यमुताईंना भिंतीला टेकायला जागा दिली. कुंकवाच्या रांगेतून लतिकाला हाक आली, नव्या नवरीने लावावं म्हणून. लतिका गेली नाही. ती दाराआड येऊन आपल्या सासूच्या शेजारी उभी राहिली, आणि प्रेमलताला घराबाहेर नेईपर्यंत तिथून हलली नाही.