राबातली माती

एका मावशीच्या शेतातली माती तपासायला गेलो आणि तिच्या राबातली माती घेऊन आलो. चूक एवढीच, आणि ती पूर्णपणे माझी.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत नवा नवा लागलो होतो. मृदाशास्त्रात एम.एस्सी. केलेलं. मातीतल्या ह्युमसची, म्हणजे कुजून उरलेल्या सेंद्रिय भागाची, रासायनिक रचना फळ्यावर न बघता काढायचो, षटकोनाला षटकोन जोडत, फळा संपेपर्यंत. शेतकरी आले की भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून सांगायचो, बांधाजवळची माती घेऊ नका, झाडाखालची नको, उकिरड्याजवळची नको. तक्त्यावर राबाचा उल्लेख नव्हता, हा माझा पुढे कित्येक दिवस आवडता बचाव होता.

मावशी पेठकडच्या डोंगरातली. उतारावरचं तिचं शेत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, आणि घरातली वर्षाची भाकरी त्याच शेतातून येणारी. दिंडोरीकडचा एक द्राक्षबागाईतदार तिच्या उकिरड्यावर डोळा ठेवून होता. छाटणीनंतर बागेला शेणखत हवं होतं, बदल्यात गोठ्याला नवे पत्रे देतो म्हणाला होता. मावशीला पत्रे हवे होते, पण शेत उपाशी राहायला नको होतं. जमिनीत कस असेल तरच खत देईन, म्हणून तिने माती तपासायला सांगितली.

मी गेलो ते एप्रिलच्या भर उन्हात. उतारावर कुदळ मारली तर ती माझ्याच अंगावर उलटून आली. खाली आंब्याच्या सावलीत मात्र राब होता. नागलीची रोपं करायच्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरून जाळतात, तो राब. माती पिठासारखी मऊ. मी तिथेच पिशवी भरली.

मावशीने विचारलं, "साहेब, राबातली घेतली. रानातली नको?"

"माती ती माती, मावशी," मी म्हणालो. आजही हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

प्रयोगशाळेत त्या मातीवर डायक्रोमेट आणि आम्ल ओतलं, तर नारंगी द्रावण बघता बघता हिरवं पडलं. म्हणजे सेंद्रिय कर्ब भरपूर. माती कमी घेऊन पुन्हा केलं, तरी भरपूरच. मी खूश. अहवाल लिहिला आणि वरिष्ठांची सही घ्यायच्या आधीच त्या गावाला जाणाऱ्या एका मास्तरांबरोबर निरोपही धाडला, जमिनीत सोनं आहे, उद्या बागाईतदाराचा ट्रॅक्टर आला की खत खुशाल देऊन टाका.

दुसऱ्या दिवशी आमच्या वरिष्ठ मॅडमनी अहवाल हातात घेतला.

"पेठच्या उतारावर एवढा कर्ब? मग आपण इथे काय करतोय, तिकडेच बागा लावू."

त्यांनी उरलेल्या मातीची पिशवी मागवली, चिमूटभर काळे कण माझ्याच अहवालावर घासले. कागदावर काळी रेघ उठली.

"कोळसा आहे हा. खणलंस कुठे?"

मी सांगितलं, निरोप धाडल्याचंही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू रचना फार सुंदर काढतोस म्हणे. मग सांग, कोळशाची काय असते?"

मी घडाघडा बोललो. कर्बाच्या षटकोनी कड्या एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या, की मातीतल्या जिवाणूंना त्या सहजी फोडता येत नाहीत. शेणातले रेणू सैल, ते कुजतात आणि कुजताना पिकाला नत्र देतात. बोलता बोलता माझाच आवाज बारीक होत गेला. आपल्या चाचणीला कर्ब तेवढा दिसतो, तो कुजणारा की नुसता टिकणारा, हे तिला धड कळत नाही. ते खणणाऱ्याने सांगायचं असतं.

"ट्रॅक्टर कधी येणार आहे?" मॅडमनी विचारलं.

"आज."

"मग माझ्याकडे काय बघतोस?"

जुन्या सीबीएस स्टँडवरून पेठची एसटी धरली. पोचलो तेव्हा उकिरडा निम्मा ट्रॉलीत गेला होता. धापा टाकत मी चूक कबूल केली. मावशीने सरळ ट्रॅक्टरपुढे जाऊन बैल उभा केला.

ड्रायव्हर म्हणाला, "भरायला मी आलोय, उतरवायला नाय. ज्यानं घोळ घातला त्यानं उतरवावं."

मावशीने फावडं माझ्या हातात दिलं. ट्रॉली थेट शेतात नेली आणि ऑफिसच्या पँटमध्ये, इस्त्रीच्या शर्टात मी तिचं शेणखत उतारभर पसरलं. संध्याकाळी तिने नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला, मला बाहेर ओट्यावर, माझा वास घरात जाणार नाही अशा बाजूला बसवून.

निघायच्या आधी, खत न पडलेल्या भागातली, आठ ठिकाणची माती वेड्यावाकड्या रेषेत हिंडून घेतली. हात फोडांनी भरले होते, तरी.

त्या पावसाळ्यात तिची जनावरं जुन्याच छपराखाली राहिली. पत्र्यांची आशा मी दाखवली आणि मीच मोडली, तरी तिने माझ्याविरुद्ध कुठे तक्रार केली नाही. मॅडमनी तो अहवाल फाडला आणि विषय पुन्हा काढला नाही. या दोघींनी मनावर घेतलं असतं तर माझी नोकरी त्या पावसाळ्यापर्यंत टिकली नसती. पुढे दोन हजार सालानंतर वाचनात आलं, की ह्युमस म्हणजे मी फळाभर काढायचो तसला एकच अवाढव्य रेणू असेल यावरही आता शंका घेतात. पाल्याचे, मुळांचे, मेलेल्या जिवाणूंचे बारीक तुकडे, मातीच्या कणांना धरून राहिलेले, असंही असेल म्हणतात. मला वाईट वाटलं नाही. तोवर मी फळ्यापेक्षा फावड्यावर जास्त विश्वास ठेवायला लागलो होतो, आणि ते देणं त्या दोघींचं.

त्याच उन्हाळ्यात नवा अहवाल द्यायला मात्र मी स्वतः गेलो होतो. मॅडमच्या सहीचा. सेंद्रिय कर्ब, कमी. मावशीने कागद उलटसुलट करून बघितला, घडी घालून वळचणीला खोचला.

"कागदातलं मला काय कळत नाय," ती म्हणाली. "पण शेण तू बरं पसरतोस. त्याच कामाला लाग."